टणक, सपाट आणि रिकामं

गादीच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये, असं माझं ठाम मत होतं. अख्खी हयात मी गाद्यांच्या दुकानात काढली, आधी विक्रेता म्हणून आणि मग मॅनेजर म्हणून. गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्याच्या चालीवरून मी ओळखायचो, याची कंबर दुखते आहे की याला बायकोने पाठवलं आहे. नवराबायकोचं एका गादीवर एकमत घडवून आणणं हे भल्याभल्या वकिलांना जमत नाही, ते मी दिवसाकाठी अनेकदा करत असे. असा हा मी निवृत्त होऊन घरी बसलो, आणि तीन महिन्यांच्या माझ्या सख्ख्या नातीला कशावर झोपवायचं, याची अक्कल मला साऱ्या इमारतीने शिकवली.

झालं असं, की लेकीची बाळंतपणाची रजा संपत आली होती. जावई दिवसभर कामावर. तेव्हा नातीला, म्हणजे बबडीला, एकतर लेकीच्या ऑफिसशेजारच्या पाळणाघरात ठेवायचं, नाहीतर आमच्याकडे. आमच्याकडे म्हणजे सकाळभर माझ्याकडे, कारण आमची ही शाळेच्या ग्रंथालयात नोकरी करते आणि दुपारी घरी येते.

‘‘बाबा, तुमच्यावर माझा विश्वास आहे,’’ लेक म्हणाली. आमच्या धंद्यात या वाक्यानंतर गिऱ्हाईक हमखास ‘पण’ म्हणतं. तिनेही म्हटलं. ‘‘पण तिची झोपायची जागा नीट हवी. ती झाली तर रजा संपल्यानंतरच्या सोमवारपासून इथे. नाहीतर पाळणाघर.’’

मी वरवर म्हणालो, ‘‘तुझी सोय बघ बाई.’’ आतून मला बबडी हवी होती, अगदी हवीच होती. निवृत्तीनंतर माझ्या सकाळी फार लांब झाल्या होत्या. मी वर्तमानपत्रातल्या हरवल्या-सापडल्याच्या जाहिराती वाचून त्यावर हिच्याशी चर्चा करू लागलो होतो, यावरून काय ते समजा.

त्यामुळे कसर ठेवायची नाही असं ठरवून मी दुकानाची सगळ्यात भारी गादी आणली. तिचं नाव ‘मेघ’. नाव माझंच. कारखान्यातल्या जुन्या ओळखीने ती बाळाच्या मापात खास बनवून घेतली. मऊ थरावर मऊ थर, त्यावर आणखी मऊ थर. ती दिवाणखान्यात मांडून, प्लास्टिकचं आवरण टराटरा फाडून, मी तिच्याशेजारी जुन्या सवयीने हात मागे बांधून उभा राहिलो.

लेकीने गादीवर पंजा दाबला आणि उचलला. पंजाचा ठसा बराच वेळ तसाच राहिला.

‘‘बाबा, यात ती रुतेल.’’

‘‘रुतणार नाही. सामावेल.’’ हे वाक्य मी आयुष्यभर वापरलं आणि एकदाही ते वाया गेलं नव्हतं.

‘‘आणि तोंड खाली गेलं तर श्वास कसा घेणार?’’

हा प्रश्न मला कुठल्याही गिऱ्हाइकाने विचारला नव्हता. मी गादीची मळखाऊ रंगसंगती तिच्या निदर्शनास आणली.

त्याच आठवड्यात बबडीला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे न्यायचं होतं. मीही गेलो. बाईंनी बबडीच्या डोक्यावरून बोटं फिरवली आणि म्हणाल्या, ‘‘मागून उजवी बाजू जरा चपटी होतेय. ही सारखी उजवीकडेच बघून झोपते का?’’ लेकीचा चेहरा उतरला. माझ्या मनात लगेच गादीचा विचार आला. मऊ गादी असती तर डोकं चपटं झालं असतं का? हे मी बोलूनही दाखवलं.

बाईंनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. ‘‘आजोबा, चपटेपणा बरा होतो. मऊ गादीचा धोका परवडणारा नाही. झोपवायचं नेहमी पाठीवर. गादी टणक आणि सपाट, तिच्यावर घट्ट बसणारी चादर. बाकी कॉट रिकामी. उशी नको, लोड नको, दुलई नको, खेळणी नकोत.’’

टणक. आमच्या दुकानात हा शब्द उच्चारायला बंदी होती. ‘आधार देणारी’ म्हणा, असं मी नव्या पोरांना सांगायचो. आणि रिकामी? अहो, दोन उशा गळ्यात मारल्याशिवाय मी कुणाला दुकानाबाहेर जाऊ दिलं नव्हतं.

बाईंनी पुढे सांगितलं, की बबडी जागी असेल तेव्हा तिला पोटावर ठेवा, समोर कुणीतरी बसा, म्हणजे ती मान उचलेल. तिला कडेवर घ्या, सारखी आडवी ठेवू नका. ‘‘आणि कॉटमध्ये टोक बदलत राहा. आज या टोकाला डोकं, उद्या त्या टोकाला. बाळ उजेडाकडे तोंड करतं, म्हणजे एकाच बाजूवर भार येणार नाही.’’

हे शेवटचं ऐकून मात्र माझ्या जिवात जीव आला. टोक बदलणं हा तर माझा प्रांत. हे काम माझ्याकडे, असं मी तिथल्या तिथे जाहीर केलं.

पहिली पायरी म्हणजे ‘मेघ’ परत करणं. माझ्या जागी आलेला मॅनेजर मला बघून खुर्चीतून उठला, पाणी मागवलं, तब्येत विचारली आणि मग भिंतीवरच्या पाटीकडे अत्यंत आदराने बोट दाखवलं. ‘आवरण काढलेली गादी कोणत्याही सबबीवर परत घेतली जाणार नाही.’ पाटी मीच लावली होती. ‘कोणत्याही सबबीवर’ हे शब्द तर मी खास भांडून घातले होते. ‘‘साहेब, तुम्हीच म्हणायचात ना, नियम म्हणजे नियम,’’ तो म्हणाला. शिष्य चांगला निघाला याचा आनंद मानत मी गादी परत आणली. पुढे ती समोरच्या काकूंच्या मांजराने ताब्यात घेतली. इमारतीत सध्या त्याच्याइतकं सुखात कुणी झोपत नाही.

मग टणक गादीची आणि कॉटची मागणी नोंदवली. चारी बाजूंना उभ्या पट्ट्या असलेली ती लाकडी कॉट जिन्याच्या वळणावरून वर येईना, म्हणून लिफ्ट. लिफ्टमधून सामान न्यायचं तर सेक्रेटरींची परवानगी लागते. आमचे सेक्रेटरी असे, की घराला आग लागली तर आधी अर्ज मागतील आणि मग बादली. मी अर्जात लिहिलं, ‘दिवसभर बाळ सांभाळण्यासाठी कॉट आणावयाची आहे.’

‘‘दिवसभर बाळ सांभाळणार?’’ सेक्रेटरींनी चष्मा वर केला. ‘‘म्हणजे तुम्ही पाळणाघर काढताय.’’

‘‘अहो, माझी नात आहे.’’

‘‘सुरुवात नातीपासूनच होते. राहत्या जागेत व्यवसाय करायचा तर जिन्यातल्या सगळ्यांच्या सह्या लागतील. हरकत नसल्याच्या.’’

मी सह्यांसाठी दारोदार फिरलो. फुकट सही कुणी दिली नाही, प्रत्येकाने सोबत सल्ला दिला. तळमजल्यावर सांगितलं, बाळाला कुशीवर झोपवा. त्याच्यावरच्या मजल्यावर सांगितलं, पालथं झोपवा, आमचा मुलगा तसाच झोपायचा. तो मुलगा मागे उभा होता आणि त्याच्याकडे बघून सल्ला मानावा असं काही वाटलं नाही. समोरच्या काकूंनी तर सही करता करताच जुन्या चादरीची पिळून गोल चुंबळ केली. ‘‘ही डोक्याखाली घाला. डोकं अधांतरी राहतं, गोल होतं. माझ्या तिन्ही मुलांची डोकी बघा.’’ मी तिघांची डोकी डोळ्यांसमोर आणली. गोल होती. आत काय होतं हा वेगळा विषय.

वरच्या मजल्यावरचे मोजणीसाहेब म्हणजे जमीन मोजणी खात्यातले निवृत्त अधिकारी. ते सही न करता टेप घेऊन थेट आमच्या घरी आले आणि बबडी माझ्या मांडीवर असताना त्यांनी तिच्या डोक्याची रीतसर मोजणी केली. ‘‘ईशान्येला उतार आहे,’’ ते गंभीरपणे म्हणाले. ‘‘निचऱ्याच्या दृष्टीने वाईट नाही.’’ बबडीने त्यांच्या टेपवर दूध काढलं. माझ्या पाहण्यातली ती पहिली कायदेशीर हरकत.

शेवटी सह्या झाल्या आणि कॉट वर आली. तर गादी कॉटपेक्षा आखूड. कडेला फट. मी लगेच दोन टॉवेल गुंडाळून फटीत ठासले. लेक आली, तिने टॉवेल उपसून काढले आणि माझ्या हातात दिले. तिच्या आईनेही लहानपणी माझ्या हातात ओली लंगोटी अशीच दिली होती, म्हणजे लेकीच्या लहानपणी. परत कारखाना, परत माप, परत लिफ्टचा अर्ज. या खेपेला सेक्रेटरींनी ‘पाळणाघराचा विस्तार’ असा शेरा मारून परवानगी दिली.

पण जागा झाली. टणक गादी, ताठ चादर, बाकी मोकळं मैदान. रजेच्या उरलेल्या दिवसांत लेक बबडीला घेऊन रोज सकाळी सरावाला येऊ लागली. टोक बदलायचं काम माझ्याकडे होतं आणि ते मी चोख बजावत होतो. त्या दोघी यायच्या आधीच मी सगळं करून ठेवायचो. गादीच्या एका कडेला खडूने बाण काढला होता. आज बाण भिंतीकडे, उद्या दाराकडे. आमच्या धंद्यातला हा पहिला धडा आहे, गादी फिरवत राहा म्हणजे एका जागी खड्डा पडत नाही. ‘‘आज टोक बदललंय,’’ मी रोज दारातच सांगायचो, मग बबडीला स्वतः हाताने कॉटमध्ये ठेवायचो, डोकं भिंतीकडे, पाय दाराकडे. लेक खूश व्हायची. ‘‘बाबा, तुम्ही किती लक्षात ठेवून करता,’’ असं एकदा म्हणालीसुद्धा. त्या दिवशी मी दोनदा दाढी केली.

पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाई बोटं फिरवून म्हणाल्या, ‘‘काहीच फरक नाही. टोक बदलता ना?’’

‘‘न चुकता,’’ मी म्हणालो. ‘‘जातीने.’’

‘‘मग ही अजून उजवीकडेच कशी? कसं करता ते दाखवता का?’’ आणि त्यांनी तपासणीच्या टेबलावर एक कापडी बाहुली ठेवली.

गादीचं प्रात्यक्षिक दाखवायचं म्हटल्यावर माझ्यातला मॅनेजर जागा झाला. मी कोटाच्या बाह्या सावरल्या. बाहुली डाव्या हाताने अलगद उचलली. उजव्या हाताने टेबलावरची लहान गादी उचलून झोकात अर्धा वळसा दिला, खाली ठेवली, चादरीची सुरकुती काढली. आणि बाहुली पूर्वी होती तशी, डोकं भिंतीकडे करून, ठेवली.

लेक खिडकीबाहेर बघू लागली. तिचे खांदे हलत होते. बाई ओठ दाबून म्हणाल्या, ‘‘आजोबा, गादीचं डोकं नाही चपटं होत.’’

परतताना रिक्षात लेक आधी पोट धरून हसली. मग हसता हसता गप्प झाली, आणि ते मला जास्त लागलं. ‘‘बाबा, मी पाळणाघरात नाव घालून ठेवलंय,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘नुसतं घालून ठेवलंय.’’

मला रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. राग येईना. नुसतं वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. चूक हसण्यासारखी होती, पण चपटं डोकं नातीचं होतं. मी एवढंच म्हणालो, ‘‘एक सकाळ माझ्या एकट्यावर सोपव. मग काय ते ठरव.’’

ती सकाळ शुक्रवारी आली. ही शाळेत गेली. लेकीने बबडीला माझ्या हातात दिलं आणि ती ऑफिसात कागदपत्रं पुरी करायला गेली. जाताना तिने सूचना दिल्या नाहीत, याचं मला दडपण आलं.

लेकीची पाठ वळते न वळते तोच काकू चुंबळ घेऊन हजर. ‘‘आता ती नाहीये ना, घाला हळूच. कुणाला कळतंय?’’

मी आयुष्यात कुणालाही तोंडावर नाही म्हटलेलं नाही. धंद्याची सवय. गिऱ्हाईक दगडाची गादी मागायला आलं तरी ‘दगड संपलाय, मागवून देतो’ म्हणायचं. पण त्या दिवशी म्हणालो, ‘‘काकू, कॉटमध्ये काही घालायचं नाही. उशी नाही, चुंबळ नाही. डोकं गोल नाही झालं तरी चालेल.’’

‘‘मी काय परकी आहे?’’

‘‘नाही. म्हणून तर सांगतोय.’’

काकू फणकाऱ्याने गेल्या. त्यांचं मांजर आमच्या ‘मेघ’वर झोपतं, ही गोष्ट मी काढली नाही. माझा हा मोठेपणा कुणाच्या लक्षात आला नाही म्हणून इथे नोंदवतो.

मग मी जमिनीवर सतरंजी घालून बबडीला पोटावर ठेवलं आणि समोर स्वतः पालथा पडलो. या वयात पालथं पडणं सोपं नाही, आणि पडल्यावर करायचं काय हा प्रश्न होताच. गाणं मला येत नाही. जे येतं तेच केलं. ‘‘या ताई, बसा. पाठीचा त्रास आहे का? कधीपासून? आमच्याकडे आधार देणारी गादी आहे. हात लावून बघा, बघायचे पैसे नाहीत.’’ बबडीने नाक सतरंजीवरून उचललं. डोकं डगडगत वर आलं, राहिलं, आणि तिने माझ्या तोंडाकडे अशी रोखून नजर लावली की आता ही भाव करणार असं मला वाटलं. मग धपकन डोकं खाली. ‘‘विचार करून या, काही घाई नाही,’’ मी म्हणालो. डोकं परत वर. इतकं चिकाटीचं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या का चौथ्या सौद्यानंतर ती पेंगुळली. तिला उचलून कॉटमध्ये पाठीवर ठेवलं. या वेळी गादीला हात न लावता बाळ फिरवलं, डोकं दाराकडे, पाय भिंतीकडे. आता उजेडाची बाल्कनी तिच्या डावीकडे आली. पण बबडी आमच्याच घराण्यातली. बाल्कनी डावीकडे गेली तरी ही उजवीकडे तोंड करून कोऱ्या भिंतीकडेच बघत झोपली. मी अलगद तिचं डोकं डावीकडे वळवलं. तिने ते झोपेतच परत उजवीकडे नेलं. आम्ही दोघांनी हे बराच वेळ केलं.

शेवटी मी दमून कॉटच्या डाव्या बाजूला फरशीवरच टेकलो. जरा पाठ टेकतो, डोळे उघडेच ठेवतो, असं स्वतःला बजावलं.

जाग आली ती कुणाच्या तरी सावलीने. समोर लेक उभी होती, पर्स खांद्याला, हाताची घडी घातलेली.

‘‘कधी आलीस?’’

‘‘तुम्ही घोरत होतात तेव्हा.’’

सांभाळायला बसवलेला माणूस फरशीवर तोंड उघडं टाकून घोरतोय, यावर कसला युक्तिवाद करणार? तिला बोलायला जड जाऊ नये म्हणून मीच म्हणालो, ‘‘कळलं मला. पाळणाघर.’’

ती कॉटपाशी गेली, चादरीवरून हात फिरवला, चारी कोपरे पाहिले. ‘‘काकू येऊन गेल्या ना? जिन्यात भेटल्या. तोंड फुगवून बसल्यात.’’

‘‘चुंबळ आणली होती. नाही म्हणालो.’’

‘‘तुम्ही?’’

‘‘मी.’’

लेक माझ्यापुढे फरशीवर बसली. ‘‘बाबा, डुलकी मलाही लागते. रोज लागते. झोपलेल्या बाळाकडे कोण अष्टौप्रहर बघत बसणार? म्हणून तर ती पाठीवर हवी, कॉट रिकामी हवी. आपला डोळा लागला तरी तिला धोका नको.’’ मग म्हणाली, ‘‘मी मघापासून उभी आहे ते तुमच्यावर चिडून नाही. तिकडे बघा.’’

मी वळून बघितलं. बबडी जागी होती. पाठीवरच होती, रडत नव्हती, आणि कॉटच्या पट्ट्यांमधून डोळे विस्फारून माझ्याकडे बघत होती. म्हणजे डावीकडे. पूर्ण डावीकडे, तिच्या डोक्याची ती चपटी बाजू उचलून.

‘‘तुम्ही घोरायला लागलात आणि हिने मान वळवली,’’ लेक म्हणाली. ‘‘तेव्हापासून हलली नाही.’’

माझं जन्मभराचं ज्ञान, खडूचा बाण, दोनदा मागवलेली गादी, जिन्याभरच्या सह्या, आणि कामाला आलं काय, तर घोरणं. जिच्यामुळे या घरात निम्म्या रात्री माझी उशी सोफ्यावर जाते, ती गोष्ट. मी उठून कपडे झटकू लागलो. तेवढ्यात बबडीची नजर सुटली आणि मान हळूहळू परत भिंतीकडे निघाली.

‘‘बाबा, उठू नका,’’ लेक घाईने कुजबुजली. ‘‘पुन्हा घोरा बघू.’’

घोरणं ही काही सांगितल्यावर करायची गोष्ट नाही. माणसाला थोडाफार स्वाभिमान असतो. पण मी डाव्या बाजूला पुन्हा आडवा झालो, डोळे मिटले आणि घोरलो, चांगला खर्जात घोरलो. कॉटमध्ये सळसळ झाली. बबडी वळली असावी, कारण लेक तोंडावर हात ठेवून हसल्यासारखी वाटली. मग तिने फोन लावला.

‘‘हॅलो, पाळणाघर का?’’ ती म्हणाली. ‘‘सोमवारपासून एका बाळाचं नाव दिलं होतं, ते काढून टाका. नाही हो, तुमची काही तक्रार नाही. तिचे आजोबा आहेत घरी.’’

माझे डोळे भरून आले होते. पण ते मिटलेले होते, त्यामुळे कुणाला दिसलं नाही, आणि घोरण्यात मी खंड पडू दिला नाही.